कार्डावरचे घड्याळ जरूर बदला, जुनी कार्डे मात्र चालू राहू द्या

प्रति,
कुपवाड, मिरज, पलूस आणि सातारा येथील औद्योगिक वसाहतींत ठिबक नियंत्रक, हवामान केंद्रे, वजनकाट्याचे इंडिकेटर आणि डेटा लॉगर बनवणारे उद्योजक, तसेच त्यांच्याकडे फर्मवेअर लिहिणारे अभियंते यांस

विषय : कार्डावरील घड्याळात बदल करताना ड्रायव्हरने जुन्या कार्डांशी सुसंगती राखण्याबाबत

स. न. वि. वि.

आपण बनवलेल्या उपकरणांची देखभाल-दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे. सांगली-सातारा पट्ट्यात ही उपकरणे द्राक्षबागेत, दूध संकलन केंद्रात आणि वजनकाट्याच्या केबिनमध्ये वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे एकाच मॉडेलच्या नावाखाली तीन-चार पिढ्यांची कार्डे (आतले सर्किट बोर्ड) एकाच वेळी वापरात असतात. खोके तेच, स्टिकर तेच, आतले घड्याळ मात्र वेगळे. या फरकाशी ड्रायव्हरने, म्हणजे उपकरणातल्या प्रोग्रामच्या (फर्मवेअरच्या) चिपशी बोलणाऱ्या भागाने, कसे वागावे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे. माझे म्हणणे असे की, कार्डाने स्वतःविषयी काहीही सांगितले नसेल तर ते सर्वांत जुने कार्ड आहे असेच ड्रायव्हरने धरावे, आणि हा संकेत पुढच्या कोणत्याही आवृत्तीत मोडू नये.

घड्याळ बदलण्याला माझा विरोध नाही. २०२० नंतर दोन-तीन वर्षे जगभर चिपचा तुटवडा होता, तेव्हा जो भाग मिळेल तो बसवून ऑर्डर पुरी करणे भागच होते. शिवाय नवा भाग अनेकदा खरोखरच चांगला असतो. अडचण येते ती नवा भाग जुन्यासारखाच दिसतो म्हणून तो जुन्यासारखाच वागेल, असे धरून चालल्यामुळे.

तारीख-वेळ सांभाळणाऱ्या चिपचेच उदाहरण घेतो, कारण ते सर्वांच्या कार्डांवर आहे. जुन्या कार्डांवर डीएस१३०७ असते, नव्यांवर डीएस३२३१. दोन्ही आय-टू-सी बसवर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरील संख्या, ६८ याच पत्त्यावर उत्तर देतात. सेकंदांपासून वर्षापर्यंतची पहिली सात रजिस्टरे (चिपमधले एकेका बाइटचे कप्पे) दोन्हींत त्याच क्रमाने आहेत. त्यामुळे जुना ड्रायव्हर नव्या कार्डावर पहिल्याच दिवशी वेळ बरोबर वाचतो आणि टेबलावरची चाचणी पास होते. फरक त्यापुढे सुरू होतो. डीएस१३०७ मध्ये हेक्स ०८ पासून ३एफ पर्यंत ५६ बाइट मोकळी रॅम आहे, आणि बॅटरीवर टिकणारी म्हणून अनेकांनी तिथे शेवटच्या नोंदीचा क्रमांक, व्हॉल्व्हची स्थिती असा मजकूर ठेवलेला आहे. डीएस३२३१ मध्ये त्याच पत्त्यांवर गजराची रजिस्टरे येतात, हेक्स ०ई ला नियंत्रण रजिस्टर, ०एफ ला स्थिती रजिस्टर आणि १० ला वारंवारतेची बारीक दुरुस्ती. जुना ड्रायव्हर आपला मजकूर तिथे बिनदिक्कत लिहीत राहतो. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपल्या विहिरीची नोंद करण्यासारखाच हा प्रकार आहे.

याचा परिणाम काय होतो, तो तासगाव भागात एका ठिबक नियंत्रकावर मी पाहिला आहे. निर्मात्याचे नाव घेण्याचे कारण नाही. नियंत्रण रजिस्टरातला सातवा बिट १ झाला की डीएस३२३१ चा ऑसिलेटर मुख्य पुरवठा असेपर्यंत चालतो आणि बॅटरीवर गेल्यावर थांबतो. ड्रायव्हरने ठेवलेल्या मजकुरामुळे तो बिट कधी १ होई, कधी ० राही. वीज गेली की घड्याळ थांबे आणि वीज आली की थांबलेल्या ठिकाणाहून पुढे चालू लागे. म्हणजे जितके तास भारनियमन, तितके तास घड्याळ मागे. शेतीपंपाची वीज आळीपाळीने दिवसा-रात्री येते, हे आपणांस सांगायला नको. पंपाला वीज नसलेल्या वेळी व्हॉल्व्ह उघडत होते आणि वीज असताना बंद राहत होते. बागायतदाराने बॅटरी बदलली, मग पॅनेल बदलले, तरी उपयोग झाला नाही, कारण दोष घड्याळाच्या चिपमध्ये नव्हता आणि वायरिंगमध्येही नव्हता.

पुढे त्या निर्मात्याने नवे फर्मवेअर दिले. मजकूर वेगळ्या ईईप्रॉममध्ये (वीज नसतानाही मजकूर टिकवणाऱ्या चिपमध्ये) हलवला, हे योग्यच झाले. त्याबरोबर वेळ विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवण्यासाठी ०एफ या रजिस्टरातला सातवा बिट तपासायला सुरुवात केली. डीएस३२३१ मध्ये तो बिट ऑसिलेटर मध्यंतरी थांबला होता का, हे सांगतो. डीएस१३०७ मध्ये मात्र ०एफ म्हणजे साध्या रॅममधला एक बाइट, आणि त्यात पूर्वी जे काही लिहिले गेले असेल तेच वाचायला मिळते. हे फर्मवेअर जुन्या कार्डावर चढवताच उत्तम चाललेले घड्याळ काही ठिकाणी अविश्वसनीय ठरवले गेले आणि नियंत्रकाने वेळापत्रक चालवणे सोडून दिले. उलट बाजूही तितकीच वाईट आहे. डीएस१३०७ मध्ये घड्याळ थांबल्याची खूण सेकंदाच्या रजिस्टरातील सातव्या बिटात असते, आणि डीएस३२३१ मध्ये तो बिट नेहमी शून्य असतो. म्हणून फक्त जुनी खूण पाहणारा ड्रायव्हर नव्या कार्डाची बॅटरी पार संपून वेळ १ जानेवारी २००० पासून पुन्हा सुरू झाली, तरी सगळे ठीक आहे असेच सांगतो.

पर्याय म्हणून काही जण एमसीपी७९४१० ही घड्याळाची चिप वापरतात. त्याचा पत्ता हेक्स ६एफ आहे, त्यामुळे निदान गोंधळ लगेच उघडा पडतो. पण तिथे सेकंदाच्या रजिस्टरातला तोच सातवा बिट १ केला तर घड्याळ सुरू होते, म्हणजे डीएस१३०७ च्या नेमके उलट, आणि बॅटरीचा आधार मिळण्यासाठी वाराच्या रजिस्टरात आणखी एक बिट मुद्दाम लावावा लागतो. पत्ता बदलून बाकी कोड तसाच ठेवणाऱ्या ड्रायव्हरने हे घड्याळ प्रत्येक वेळी सुरू करतो म्हणून बंदच केलेले असते.

आता तापमानाकडे येतो, कारण आपल्या दोन जिल्ह्यांत हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. घड्याळात वापरला जाणारा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल साधारण २५ अंश सेल्सिअसला बरोबर चालतो, आणि त्यापासून तापमान जितके दूर जाईल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात मागे पडतो, दर अंशवर्गाला दशलक्षात सुमारे ०.०३४ भाग. जतच्या माळावर उन्हात पत्र्याच्या खोक्याचे आतले तापमान ६० अंशांवर असेल तर हा फरक दशलक्षात ४१ च्या पुढे जातो, म्हणजे त्या तापमानात दिवसाला साडेतीन सेकंदांहून थोडा अधिक. महाबळेश्वरला हिवाळ्यात १० अंश असेल तर दिवसाला सुमारे दोन तृतीयांश सेकंद. दोन्हीकडे घड्याळ मागेच पडते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. काही कसबी अभियंत्यांनी यासाठी ड्रायव्हरमध्येच दुरुस्तीचे कोष्टक घातले होते आणि जुन्या कार्डांवर ते उत्तम काम करते. डीएस३२३१ मात्र तापमान स्वतः मोजून स्वतःला सुधारतो, आणि ० ते ४० अंशांत त्याची अचूकता दशलक्षात दोन भागांच्या आत आहे. त्यावर जुने कोष्टक लावले की सुधारलेले घड्याळ पुन्हा सुधारले जाते आणि जतला ते तितकेच पुढे पळू लागते. कोष्टक सरसकट काढून टाकले की जुनी कार्डे पूर्वीसारखी मागे पडू लागतात. येथे ड्रायव्हरच्या कोणत्याही एका वागणुकीने दोन्ही कार्डांचे समाधान होणे शक्यच नाही, आणि समोर कोणते कार्ड आहे हे कळल्याशिवाय गत्यंतर नाही.

हीच गोष्ट प्रोसेसरच्या क्रिस्टलची. ८०५१ या जुन्या प्रोसेसरवर हात बसवलेल्या प्रत्येक डिप्लोमाधारकाला ११.०५९२ मेगाहर्ट्झ आणि टीएच-१ मध्ये (टायमर-१ चा वेग ठरवणाऱ्या रजिस्टरात) एफडी ही जोडी पाठ असते, त्यातून ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, हा अक्षरे पाठवण्याचा वेग अचूक मिळतो. पुढे कोणीतरी टायमरचा एक ठोका बरोबर एक मायक्रोसेकंद यावा म्हणून १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बसवतो. एफडी तसेच राहिले तर वेग १०४१७ होतो, म्हणजे साडेआठ टक्के जास्त. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात, तेव्हा पाठवणारा आणि घेणारा यांच्यात मिळून पाच टक्क्यांच्या आसपास फरक झाला की शेवटचा बिट चुकीच्या जागी वाचला जातो. वजनकाट्याच्या इंडिकेटरवर आकडा बरोबर दिसतो आणि प्रिंटरवर भलतीच अक्षरे उमटतात, त्याचे कारण बहुधा हेच. त्या जुन्या चिपवर १२ मेगाहर्ट्झला टायमर-१ मधून ९६०० नीट मिळतच नाही, मिळतो तो ४८००, तोही दुप्पट वेगाचा बिट लावून. म्हणून भाजक (एफडीसारखा टायमरचा आकडा) कोडमध्ये कोरून ठेवू नये. वारंवारता बाहेरून घ्यावी, भाजक मोजावा, त्यातून येणारी चूक तपासावी आणि ती दोन टक्क्यांपुढे जात असेल तर ड्रायव्हरने तो वेग सरळ नाकारावा. वारंवारता कुठेच दिलेली नसेल तर ती ११.०५९२ धरावी, कारण ज्या काळी ती लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती त्या काळच्या कार्डांवर तोच क्रिस्टल आहे.

मोकळे लूप फिरवून घेतलेल्या विलंबाबद्दल फार लिहीत नाही. एसटीएम३२एफ१०३ या प्रोसेसरच्या जागी तुटवड्याच्या काळात जीडी३२एफ१०३ बसवले गेले. दोन्ही ७२ मेगाहर्ट्झवर चालवले तरी फ्लॅशमधून सूचना वाचण्याची प्रतीक्षा वेगळी असल्याने तेच लूप नव्या चिपवर लवकर संपते. विलंब हार्डवेअर टायमरवर मोजावा, एवढेच पुरे.

मग कार्ड ओळखायचे कसे? डीएस१३०७ आणि डीएस३२३१ यांपैकी कोणातही ओळखीचे रजिस्टर नाही. काही लिहून आणि पुन्हा वाचून अंदाज बांधता येतो, पण ते लिहिणेच धोक्याचे आहे, हे वर आलेच आहे. चालू उपकरणावर असा अंदाज बांधणाऱ्या ड्रायव्हरवर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा कार्डानेच आपली ओळख सांगावी. बहुतेक कार्डांवर घड्याळाशेजारी २४सी३२ जातीचे ईईप्रॉम असतेच, त्यात ४ किलोबाइट जागा असते, तिच्या शेवटच्या पानावर कार्डाची पिढी, घड्याळाचा प्रकार आणि क्रिस्टलची वारंवारता लिहावी. जुन्या कार्डांवर ते पान कोरे असेल आणि कोऱ्या ईईप्रॉममधून एफएफ वाचला जातो. म्हणून एफएफ म्हणजे जुने कार्ड, हा अर्थ कायमचा राखून ठेवावा आणि नव्या पिढीला चुकूनही तो आकडा देऊ नये. ईईप्रॉम नसेल तर एक मोकळी पिन चालते. आतला पुल-अप (पिनला १ कडे ओढून धरणारा रोध) लावल्यावर जिथे काही जोडलेले नाही तिथे १ वाचला जातो, तेव्हा १ म्हणजे जुने, आणि नव्या कार्डावर ती पिन जमिनीला जोडावी. हेच उलटे केलेले एक कार्ड माझ्याकडे आले होते. त्यात नवे म्हणजे १ असल्याने सगळी जुनी कार्डे स्वतःला नवीन समजत होती.

लिनक्सवर चालणारे गेटवे (उपकरणांची माहिती पुढे पाठवणारी यंत्रे) बनवणाऱ्यांसाठी हे काम बरेचसे आधीच करून ठेवलेले आहे. कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) घड्याळांची, म्हणजे येथे तारीख-वेळेची नव्हे तर चिपच्या भागांना चालवणाऱ्या ठोक्यांची, सामाईक चौकट २०१२ मध्ये, ३.४ या आवृत्तीत आली, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (कार्डावरच्या भागांचे वर्णन असलेल्या फाइलमध्ये) प्रत्येक उपकरणाला कोणती घड्याळे लागतात हे नावानिशी लिहिता येते. तिथला दंडक असा आहे की, नवे कर्नल जुन्या डिव्हाइस ट्रीवर चालले पाहिजे. म्हणून नव्या पिढीत बससाठी आणखी एक घड्याळ आले, तर ते ड्रायव्हरने सर्वांसाठी सक्तीचे करू नये. जुन्या वर्णनात त्याचे नाव नसणारच. यासाठी घड्याळ ऐच्छिक म्हणून मागण्याची सोय आहे. ते वर्णनात नसेल तर ड्रायव्हरला रिकामा निर्देशक मिळतो, आणि त्यावर सुरू करा किंवा बंद करा अशी सूचना दिली तरी काही न होता काम पुढे चालते. नव्या चिपला ते घड्याळ अनिवार्य असेल तर ती सक्ती नव्या चिपच्या नावापुरती ठेवावी.

इथे एक चूक वारंवार दिसते आणि तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. घड्याळ मागितल्यावर तीन प्रकारची उत्तरे येऊ शकतात. वर्णनात ते नाहीच, हे एक. ते आहे, पण ते पुरवणारा ड्रायव्हर अजून उभा राहिलेला नाही, तेव्हा थोड्या वेळाने पुन्हा विचारा, हे दुसरे. आणि ते आहे, पण मिळवताना बिघाड झाला, हे तिसरे. आपल्याकडच्या अनेक ड्रायव्हरांत कोणतेही वाकडे उत्तर आले की घड्याळ नाही असे समजून पुढे जातात. दुसऱ्या उत्तराला पहिले समजले की उपकरण कधी सुरू होते, कधी होत नाही, कारण कोण आधी उभा राहील हे दर वेळी सारखे नसते. तपासायला गेल्यावर दोष कधीच सापडत नाही आणि ग्राहक मात्र रोज फोन करतो. ऐच्छिक मागणीत फक्त पहिले उत्तर सौम्यपणे घेतले जाते, बाकीची दोन चुका म्हणूनच परत येतात, आणि ती तशीच वर पाठवावीत.

याच्याच जोडीला आणखी एक सापळा आहे. काही जुने ड्रायव्हर आपले घड्याळ मागतच नाहीत, कारण बूटलोडरने (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामने) ते आधीच चालू ठेवलेले असते. पुढे कोणीतरी मेहनतीने डिव्हाइस ट्रीमध्ये घड्याळांची पूर्ण मांडणी लिहितो, आणि कर्नल सुरुवातीची कामे आटोपत आल्यावर ज्यांना कोणी मागितलेले नाही अशी सर्व घड्याळे बंद करतो. कालपर्यंत चाललेले उपकरण गप्प होते आणि दोष नव्या मांडणीवर येतो. ती मांडणी बरोबरच असते. न मागता वापरणारा ड्रायव्हर चूक असतो.

डिव्हाइस ट्रीमध्ये उपकरणाच्या नावांची यादी देता येते, आधी नव्या चिपचे नाव आणि मागे जुन्या चिपचे, म्हणजे नवे नाव न ओळखणारा जुना ड्रायव्हरही तिला जुनी समजून चालवतो. ही सोय उत्तम आहे, पण ती प्रामाणिकपणे वापरावी. जुना ड्रायव्हर नव्या चिपवर एकही चुकीची गोष्ट करणार नसेल, तरच मागे जुने नाव लावावे. डीएस३२३१ च्या मागे डीएस१३०७ लावणे या कसोटीला उतरत नाही. ईईप्रॉमची पद्धत वापरणाऱ्यांनीही हे पाळावे. ड्रायव्हरला माहीत नसलेली पिढी दिसली तर त्याने वेळ वाचावी, पण नियंत्रण रजिस्टरांत काहीही लिहू नये आणि पडद्यावर तसे सांगावे.

यावर मला मिळणारे नेहमीचे उत्तर असे की, प्रत्येक कार्डासाठी आम्ही वेगळे फर्मवेअर देतो, तुम्ही योग्य ते चढवा. कागदावर हे बरोबर आहे. प्रत्यक्षात पुरात बुडून निघालेल्या खोक्यावरचे स्टिकर राहत नाही, कार्डावर इपॉक्सी ओतलेले असल्याने चिपचे नाव वाचता येत नाही, आणि फाइलच्या नावात फक्त नवीन, अंतिम, अंतिम-दोन असे लिहिलेले असते. चार प्रकारच्या घड्याळांचे कोष्टक एकाच फर्मवेअरमध्ये ठेवायला काहीशे बाइट लागतात. ज्या चिपमध्ये तेवढीही जागा नाही, तिथे निदान चढवण्यापूर्वी कार्डाची पिढी तपासून नकार देण्याची व्यवस्था असावी.

नदीपातळीचे लॉगर बनवणाऱ्यांना वेगळी विनंती आहे. काही नव्या फर्मवेअरांत चिपमध्ये भारतीय वेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळ ठेवण्याची पद्धत आली आहे. पद्धत चांगली आहे, पण जुन्या कार्डाच्या चिपमध्ये स्थानिक वेळ आधीच चालू आहे, आणि नव्या ड्रायव्हरने ती जागतिक समजून वाचली की प्रत्येक नोंद साडेपाच तास पुढे सरकते. कऱ्हाड, बहे, ताकारी, भिलवडी आणि सांगलीचा आयर्विन पूल या ठिकाणांच्या आकड्यांवरून पाणी किती वेळात खाली उतरते याचा अंदाज बांधला जातो. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेले होते. अशा वेळी एका ठिकाणचा लॉगर साडेपाच तास पुढे असेल तर कोणाला ते लगेच कळणारही नाही, कारण आलेखाचा आकार तसाच दिसतो. म्हणून चिपमधली वेळ कोणत्या प्रमाणातली आहे, हेही त्याच ईईप्रॉमच्या पानावर लिहावे, आणि काहीच लिहिलेले नसेल तर ती स्थानिक धरावी.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक पिढीत घड्याळाची चिप कोणती, क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा, वेळ कोणत्या प्रमाणातली आणि ओळख कुठे लिहिलेली आहे, एवढे एका पानावर छापून आपल्या विक्रेत्यांकडे द्यावे. नवे फर्मवेअर बाहेर पडण्यापूर्वी ते सर्वांत जुन्या पिढीच्या कार्डावर, ईईप्रॉम कोरे ठेवून आणि एकदा रात्रभर वीज काढून चालवून पाहावे. आपल्या कार्यशाळेत तशी कार्डे आता शिल्लक नसतील, याची मला कल्पना आहे. माझ्याकडे दुरुस्तीतून बदली झालेली बरीच चालू कार्डे आहेत आणि चाचणीसाठी ती विनामोबदला नेता येतील. फक्त परत देताना त्यांच्या ईईप्रॉमच्या शेवटच्या पानावर काही लिहून ठेवू नये.

कळावे,

आपला,
उपकरण-देखभाल करणारा एक तंत्रज्ञ
सांगली